जुनं छापील पुस्तक बाबांना फोनवर वाचता येईल असं करायचं आहे, कुठून सुरुवात करू?

अडाणकाठ :
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, प्राथमिक शाळेत शिकवतो. प्रश्न बाबांच्या वाचनाचा आहे.

बाबा ७६ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा पडदा अधू आहे. छापील पुस्तक आता त्यांच्याच्यानं वाचवत नाही. फोनवर मात्र अक्षर मोठं करून बातम्या, लेख तास तास वाचत बसतात.

आमच्या वाचनालयात वऱ्हाडातल्या शेतीवरचं एक जुनं पुस्तक आहे, २१२ पानांचं. लेखक १९३८ साली वारले. पुस्तक पुन्हा छापल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. बाबांनी ते शाळेत असताना वाचलं होतं आणि अजून त्यातलं बोलत असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी फोननं सगळ्या पानांचे फोटो काढले, पीडीएफ केली आणि त्यांच्या हातात दिली. अक्षर मोहरीएवढं दिसायचं. चिमटीनं मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जायची. प्रत्येक ओळीला बोट उजवीकडे, मग परत डावीकडे. तिसऱ्या पानावर त्यांनी फोन खाली ठेवला. काही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

मग एका फुकटच्या संकेतस्थळावर त्याचं ईबुक करून घेतलं. अक्षर मोठं होतं, पण मजकुराची दैना झाली. अर्ध्यातच ओळ तुटते, वाक्याच्या मध्ये पान क्रमांक येतो, आणि पहिल्याच पानावर 'वऱ्हाड'चं 'व-हाड' झालंय. बाबा म्हणाले, "आपल्या मुलखाचं नावच मोडलं की रे यानं."

हे नीट कसं करतात? माझ्याकडे शाळेचा जुना लॅपटॉप आहे आणि संध्याकाळचे दोन तास आहेत.

बेंबळा :
गुरुजी, पूर्ण काम व्हायला वेळ लागेल, पण आज रात्रीपुरता उपाय सांगतो. फोनवर 'केओरीडर' टाका, फुकट आहे. त्यात पीडीएफ उघडून चारही बाजूंचा कोरा समास कापायची सोय आहे. नुसता समास गेला आणि फोन आडवा धरला तरी अक्षर बरंच मोठं होतं. त्यातच 'रिफ्लो' म्हणून एक पर्याय आहे, तो चित्रातले शब्द कापून नव्यानं ओळी लावतो. मराठीत शिरोरेघेनं शब्द एकसंध असतो, म्हणून शब्द सहसा मधून तुटत नाही. कधीकधी उकार वेलांटी छाटली जाते एवढंच.

डीटीपीवाला_वणी :
बेंबळानं सांगितलं ते आजच करून टाका. आता लांबचं सांगतो. माझा तालुक्याला लग्नपत्रिका, स्मरणिका छापायचा धंदा आहे, १८ वर्षं हेच करतोय.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. पान जेवढं आहे तेवढंच राहणार. ईबुक, म्हणजे 'इपब', हे आतून एखाद्या संकेतस्थळासारखं असतं. मजकूर वेगळा, तो कसा दिसावा याच्या सूचना वेगळ्या, आणि सगळं एका झिप गाठोड्यात बांधलेलं. विश्वास बसत नसेल तर फाइलच्या नावापुढचं 'इपब' काढून 'झिप' लिहा आणि उघडून पाहा. त्यामुळे वाचणारा अक्षर हवं तेवढं करू शकतो, ओळी आपोआप नव्यानं बसतात. बाबांना हेच पाहिजे.

पण फोटोतून मजकूर काढायचा म्हणजे ओसीआर आलं आणि ओसीआरचं निम्मं यश फोटोत असतं. तुमचे फोटो कसे आहेत? एका फोटोत एकच पान हवं. पुस्तक ओसरीवर ठेवा, ऊन थेट नको, उजेड भरपूर हवा. पानावर स्वच्छ काच ठेवली की कण्याजवळचा बाक जातो. काचेत स्वतःची सावली येत नाही ना तेवढं बघा. मोजायचंच झालं तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या खाली जाऊ नका.

त्यानंतर 'स्कॅन टेलर'. हेही फुकट. पान सरळ करणं, समास कापणं, पिवळेपणा घालवणं हे सगळं त्यात होतं. मग ओसीआर करणारं 'टेसरॅक्ट'. हे मूळ एचपी कंपनीत तयार झालं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. त्यात भाषा निवडताना हिंदी घेऊ नका, मराठीच घ्या. हिंदी घेतली की 'ळ' दिसला रे दिसला की त्याचा 'ल' नाहीतर 'छ' होतो. 'काळी जमीन' छापलेलं असतं आणि हाती 'काली जमीन' येते.

जागलीवरचा :
मी शेतकरी मानूस, मले यातलं तांत्रिक काई समजत नाई. पन वाचनारा म्हनून सांगतो. हरभऱ्याले रातची जागल करा लागते, रोही आन रानडुकरं काई ठेवत नाईत. मचानावर बसून फोनवर वाचतो. पांढरा पडदा डोयाले लागते, अन् दुरून उजेड दिसते, म्हनून काया पडद्यावर पांढरी अक्षरं करून वाचतो. आता काई पुस्तकं अशी हायत का पडदा काया केला का अक्षरंही कायीच रायतात. काईच दिसत नाई! पुस्तक करनाऱ्यानं हे पाह्यलं पायजे भौ.

पुण्यातला_वऱ्हाडी :
जागलीवरचा दादा, तुमची तक्रार अगदी नेमकी आहे. पुस्तक तयार करणाऱ्यानं अक्षराचा रंग 'काळा' असा ठरवून दिला की वाचणाऱ्याचं काही चालत नाही. वर्डमधून नक्कल करून चिकटवलं की असे रंग, मापं, फॉन्ट सगळं कचऱ्यासारखं सोबत येतं. साफसफाईतलं पहिलं काम म्हणजे हे सगळं काढून टाकणं. रंग ठरवायचाच नाही. अक्षराचं माप ठोस आकड्यात द्यायचं नाही, मूळ मापाच्या पटीत द्यायचं, म्हणजे वाचणाऱ्यानं मोठं केलं की शीर्षकासकट सगळं वाढतं.

देवनागरीसाठी आणखी दोन गोष्टी. एक, दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असल्यानं मी अक्षराच्या दीडपट ते १.६ पट ठेवतो. दुसरं, दोन्ही कडा सारख्या करायच्या नादी लागू नका. फोनची ओळ अरुंद असते, मराठीतले शब्द लांब असतात आणि शब्द तोडायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. मग एका ओळीत तीन शब्द आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. डावीकडून सरळ, उजवीकडे जशी संपेल तशी संपू द्या. अधू नजरेला पुढची ओळ सापडायलाही ते सोपं जातं.

ग्रंथपाल_दर्यापूर :
अडाणकाठ भाऊ, आधी हक्काचं बोलते, कारण वाचनालयात मला रोज हे विचारतात. आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९३८ साली गेलेल्या लेखकाचं पुस्तक केव्हाच मोकळं झालंय, बिनधास्त करा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीला मोकळं झालं. फक्त नंतरच्या कुणाची प्रस्तावना किंवा टिपा जोडलेल्या असतील तर त्यांचा हक्क वेगळा मोजायचा.

दुसरं, हे एकट्यानं ओढू नका. मराठी विकिस्रोतावर अशी मोकळी पुस्तकं चढवता येतात. एका बाजूला मूळ पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, समोरासमोर बघून दुरुस्त करायचं. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासलं की हिरवं. पुस्तक झालं की तिथूनच इपब उतरवून घेता येतं. माझ्या वाचनालयातल्या दोन मुली सुट्टीत हे करतात, त्या तुमची काही पानं तपासून देतील.

वर्धाकाठ :
ताई, राष्ट्रसंतांच्या भजनांचं काय? आमच्या गावात दर गुरुवारी सामुदायिक प्रार्थना असते, मोठ्या अक्षरांत करून वाटायचा विचार होता.

ग्रंथपाल_दर्यापूर :
तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. म्हणजे हिशेबानं २०२८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क आहे. गुरुकुंज मोझरी काही लांब नाही. तिथं विचारून, परवानगी घेऊन करा.

मोर्शीचा_संत्रा :
इथं कुणाकडे गाजलेल्या कादंबऱ्यांच्या साफ केलेल्या फाइल आहेत का? नवीन लेखकांच्या पण चालतील. ग्रुपवर टाकू.

बेंबळा :
नाही दादा. हयात लेखकाचं पुस्तक असं वाटायचं नाही. आपल्याकडच्या लेखकाला वर्षाकाठी मानधन काय मिळतं ते जवळून पाहिलंय मी. विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. हा धागा मोकळ्या झालेल्या पुस्तकांपुरताच राहू द्या.

मोर्शीचा_संत्रा :
बरोबर आहे. मागणी मागे घेतो.

मेळघाटवाली :
मी आशा स्वयंसेविका आहे, धारणीकडे काम करते. माझी आई शाळेत गेली नाही, पण पुस्तकं ऐकते. फोनमधला मराठी आवाज लावून देते, ती गहू निवडता निवडता ऐकते. म्हणून माझी विनंती आहे की पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि खालचा आकडा प्रत्येक पानावरून काढा. डोळ्यांनी वाचणारा ते ओलांडून जातो, कानाला ते ओलांडता येत नाही. गोष्ट रंगात आलेली असते, आणि आवाज मध्येच म्हणतो "प्रकरण तिसरे सत्तेचाळीस". आई दर वेळी विचारते, "हे कोण बोललं?"

आणि तुटलेल्या ओळी जोडा. ओळ तुटली की आवाज तिथं थांबतो, वाक्य संपलंसं वाटतं.

डीटीपीवाला_वणी :
ताई, हे फार महत्त्वाचं बोललात. क्रमही तोच ठेवायचा असतो. आधी डोक्यावरचं नाव आणि खालचे आकडे काढायचे, मगच ओळी जोडायच्या. उलटं केलं तर आकडा वाक्याच्या पोटात जाऊन बसतो आणि मग शोधत बसा.

ओळी जोडायला 'कॅलिबर' वापरा. हे कोविद गोयल या भारतीय माणसानं २००६ मध्ये सुरू केलेलं आहे, आजही फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्यात पुस्तक आतून उघडून दुरुस्त करायची खिडकी आहे आणि शोधा-बदला ताकदीचं आहे. नियम असा द्यायचा की ज्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा अवतरणचिन्ह नाही, ती पुढच्या ओळीला जोड. शीर्षकं तेवढी आधी खूण करून वेगळी काढा, नाहीतर तीही परिच्छेदात शिरतात.

अडाणकाठ :
सगळ्यांचे आभार. बेंबळा, समास कापून दिला, बाबा रोज चार-पाच पानं वाचायला लागलेत. काच ठेवून पानांचे पुन्हा फोटो घेतले, स्कॅन टेलर झालं, टेसरॅक्ट मराठीत चालवलं. पण दोन अडचणी आहेत.

पहिली, 'व-हाड' अजून तसंच आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, शेतकऱ्यांना या सगळ्या शब्दांत मध्ये आडवी रेघ येते.

दुसरी अडचण विचित्र आहे. अनुस्वार गायब झालेत. 'मंदिर'चं 'मदिर', 'पिंपळ'चं 'पिपळ'. सगळीकडे नाही, पण पानाला सात-आठ ठिकाणी. मूळ पानात टिंब स्वच्छ दिसतंय.

डीटीपीवाला_वणी :
दुसरीचं कारण मला माहीत आहे, कारण मीही त्यात तोंडघशी पडलोय. स्कॅन टेलरमध्ये ठिपके पुसायची सोय असते, जुन्या कागदावरचे डाग जावेत म्हणून. ती जोरावर ठेवली की यंत्राला डाग कोणता आणि अनुस्वार कोणता ते कळत नाही, दोन्ही पुसतं. ती अगदी कमीवर आणा किंवा बंदच करा. डाग राहिले तर राहू द्या. डाग आपल्याला हातानं काढता येतो, गेलेला अनुस्वार कुठं होता ते शोधायला पूर्ण पुस्तक वाचावं लागतं.

पुण्यातला_वऱ्हाडी :
पहिलीचं मी सांगतो. 'वऱ्हाड'मधला तो अर्धा र मराठीचं खास लेणं आहे. संगणकावरच्या जुन्या फॉन्टांत तो नीट उमटत नसे, म्हणून लोक आडवी रेघ मारून काम भागवत. यंत्रही तेच करतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, त्यासाठी टिंबवाला 'ऱ' आहे, त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, जोडायचा.

आता खरी गंमत. पुष्कळ फाइलींत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालूनही हेच अक्षर काढलेलं असतं. 'वर्‍हाड' आणि 'वऱ्हाड', दिसायला दोन्ही एकच. पण एक लिहून शोधलं तर दुसरं सापडत नाही. एका पुस्तकात मला आपल्या प्रदेशाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं मिळालं आणि शोधल्यावर तिसरा हिस्साच हाती आला. म्हणून सगळं एका रूपात आणा. 'ॲ'चंही तसंच. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून 'अॅ' करत. दोन्हींतलं एकच ठेवा.

पण "सगळे बदला" हे बटण दाबू नका. '-या'चं 'ऱ्या' करताना 'त्या-या कारणानं' मधली खरी रेघही जाते. आणि '-हा' बदलताना माझ्या एका पुस्तकातला पाटील 'हा-हा' करून हसत होता, तो 'हाऱ्हा' करून हसायला लागला. एकेक ठिकाण बघून बदला. दोनशे पानांचं काम अर्ध्या तासाचं आहे.

जागलीवरचा :
हाऱ्हा! मचानावर एकटाच हासून रायलो ना बाप्पा, खालचं कुत्रं उठून उभं रायलं.

कीर्तनकार_कारंजा :
रामकृष्णहरी. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, तरी याच कामातला. ज्ञानेश्वरीची एक फाइल माझ्याकडे आहे. १८ अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, आणि सगळ्या गद्यासारख्या एकापुढे एक लागल्यात. ओवीचा दंड कुठे काना झालाय, कुठे इंग्रजी एक झालाय. मला कीर्तनात पटकन अध्याय आणि ओवी गाठायची असते.

डीटीपीवाला_वणी :
बुवा, ओव्यांना वरचा ओळी जोडायचा नियम लावलेला दिसतो. पद्याला तो लावायचाच नाही. उलट दोन दंड आणि मधला आकडा ही खूण धरून तिथं ओवी तोडायची. प्रत्येक ओवी एक परिच्छेद, आत चरणांच्या ओळी, आणि ओवी पानाच्या सीमेवर तुटू नये अशी सूचना. अध्यायाचं नाव शीर्षक म्हणून खूण केलं की अनुक्रमणिका कॅलिबर स्वतः तयार करतं. तुम्ही १८ पैकी कोणताही अध्याय एका बोटानं गाठाल. दंड आधी दुरुस्त करा, सगळं त्यावरच उभं आहे.

कीर्तनकार_कारंजा :
धन्यवाद. बाराव्या अध्यायापासून हात घालतो, तो लहान आहे आणि पाठ आहे.

वर्धाकाठ :
डीटीपीवाला भाऊ, आमच्या गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाइल आहे, जुन्या फॉन्टातली. युनिकोड केलं तर 'स्थिती'चं 'सि्थती' झालं, 'शक्तिमान'चं 'शकि्तमान', 'पूर्व'चं 'पूवर्'. असं काऊन होतं?

डीटीपीवाला_वणी :
कारण जुन्या फॉन्टांत जसं दिसतं तसं टाइप करायचो आम्ही. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. युनिकोड उच्चारानं चालतं, आधी अक्षर मग वेलांटी. बदलून देणाऱ्या साधनानं वेलांटी उचलून अक्षराच्या पलीकडे ठेवायची असते. अक्षर साधं असेल तर जमतं, जोडाक्षर आलं की वेलांटी अर्ध्या 'स'पाशीच उतरते, 'थ'पर्यंत पोचत नाही. रफाराचं उलट, तो शेवटी टाइप केलेला असतो आणि त्याला मागं आणायचा असतो. हलन्तापूर्वी वेलांटी आली की ती चूकच, मराठीत असा शब्द नाही. तेवढा एक शोध लावला तरी शेकड्यानं चुका सापडतात. फाइल पाठवा, बघतो.

पुण्यातला_वऱ्हाडी :
अडाणकाठ, एक सूचना. १९३८ पूर्वीचं पुस्तक म्हणजे 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'मुलें' असं असणार. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ चे, आणखी ४ आले १९७२ मध्ये. आजच्या वाचकासाठी हे अनुस्वार काढून टाका. वाचन सुलभ होतं, शोधताना मिळतं, आवाजही नीट वाचतो.

ग्रंथपाल_दर्यापूर :
मला हे पटत नाही. साफ करणं म्हणजे यंत्रानं घातलेली घाण काढणं. लेखकानं लिहिलेलं बदलणं हे संपादन झालं, ते करायचं तर पुस्तकावर तसं छापावं लागतं. 'मुलें'वरचा अनुस्वार तिथं अनेकवचन दाखवतो, तो काही उगाच नाही. शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातला माणूस कसा लिहीत होता, हा त्या पुस्तकाचाच एक भाग आहे. तुम्ही एकदा काढलेत की ती फाइल पुढे दहा ठिकाणी जाणार आणि मूळ कुणाला कळणारच नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी :
ताई, मुद्दा मान्य. पण मग शाळेतला मुलगा ते उघडून 'कांहीं कांहीं' बघून बंद करतो, त्याचं काय? मला ते पुस्तक वाचलं जायला हवंय.

मेळघाटवाली :
माझ्या आईला ऐकताना 'नाहीं' आणि 'नाही' यात फरक जाणवला नाही. मी दोन्ही लावून पाहिलं.

अडाणकाठ :
हा वाद मी जेवताना बाबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "मी याच लेखनात शिकलो. जसं छापलंय तसंच ठेव." ताई, तुमचंच मान्य करतोय. मुलांसाठी वेगळी प्रत हवी असेल तर मूळ साफ झाल्यावर तिच्यावरून करता येईल. उलटं करता येणार नाही.

अडाणकाठ :
तीन आठवड्यांनी येतोय. मध्ये कापसाची वेचणी होती, रात्री वीज नसायची. पण काम पुढे गेलंय आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे.

मी शुद्धलेखन तपासणारं साधन लावलं होतं. त्यानं तांबडी रेघ मारली ते शब्द दुरुस्त केले आणि मला वाटलं संपलं. फाइल बाबांना दिली. ते दुसऱ्या प्रकरणात थांबले आणि मला हाक मारली. तिथं लिहिलं होतं, "कपाशींत सत्यानें तूर पेरावी."

बाबा म्हणाले, "सत्यानं कशी पेरशील? सरत्यानं पेरतात." मूळ पान काढलं. 'सरत्यानें'च होतं, 'र' फिकट छापला होता. आमच्याकडे तिफणीच्या मागं दोरीनं सरता बांधून, मागून चालणारी बाई त्यात एकेक दाणा सोडत तूर पेरायची. माझी आजी सोडायची. यंत्राला सरता माहीत नाही, सत्य माहीत आहे. आणि शुद्धलेखनाच्या साधनाला 'सत्यानें' हा शब्द चालला, म्हणून तांबडी रेघ आलीच नाही.

तेव्हापासून बाबाच तपासतात. लॅपटॉपवर एका बाजूला मूळ पान, दुसऱ्या बाजूला मजकूर, दोन्ही मोठे करून. मी शेजारी बसून मूळ वाचतो, ते मजकुरावर बोट फिरवतात. संध्याकाळी आठ पानं होतात. कोळपायच्या 'डवरा'चा 'डवस' ३१ ठिकाणी झाला होता. 'वखर'चा 'वरवर', कारण जुन्या टायपात 'ख' म्हणजे 'र' आणि 'व' शेजारी. 'तिफण'ची 'तिकण'. 'धुरा' (शेताचा बांध) कुठं 'घुरा', कुठं 'धुवा'. यातला एकही शब्द माझ्या नजरेला तसा लगेच खटकला नसता. त्यांना ओळ वाचायच्या आधीच कळतं की इथं काय असायला हवं.

जागलीवरचा :
सरता! माही माय सोडे. तिच्या वट्यात बी रायचं, पायाखाली ढेकूळ. गुरुजी, तुमच्या बाबायले माहा नमस्कार सांगा.

डीटीपीवाला_वणी :
१८ वर्षांत मी कधी शेतीचं पुस्तक शेतकऱ्याला तपासायला दिलं नाही. यापुढे देईन.

पुण्यातला_वऱ्हाडी :
फॉन्टचं राहिलं. पुस्तकाच्या माहितीत भाषा 'मराठी' अशी नोंदवा, हिंदी किंवा इंग्रजी राहू देऊ नका. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श'ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, भाषा मराठी सांगितली तरच ती येतात. 'तिरो देवनागरी मराठी' पुस्तकी वळणाचा आहे, आयआयटी मुंबईचा 'शोभिका' जुन्या छपाईच्या जवळचा. अधू नजरेला मात्र बारीक-जाड रेघांपेक्षा सारख्या जाडीचा 'मुक्ता' बरा पडेल. तिन्ही पुस्तकात घालून वाटायला मोकळे आहेत.

अडाणकाठ :
तिन्ही लावून बाबांना दाखवले. 'मुक्ता' निवडला. 'शोभिका' बघून म्हणाले, "हे आमच्या पुस्तकासारखं आहे," आणि थोडा वेळ बघत राहिले, पण वाचायला 'मुक्ता'च सोपा गेला.

फाइल तयार आहे. रंग ठरवलेला नाही, जागलीवरचा दादांनी काळ्या पडद्यावर बघून सांगावं. डोक्यावरची नावं, आकडे काढलेत, मेळघाटवाली ताईंनी एकदा आवाजात लावावं. शेवटच्या ४० पानांवर ग्रंथपाल ताईंच्या मुलींनी दुसरी नजर टाकली आहे. आता पूर्ण पुस्तक विकिस्रोतावर चढवायला घेतोय.

मेळघाटवाली :
लावलं. दोन तास ऐकलं आईनं, मध्ये कुणीच बोललं नाही. "इ. स." वाचताना आवाज दोनदा थांबतो, तेवढं चालेल.

जागलीवरचा :
काया पडद्यावर झकास दिसते. पाच प्रकरनं झाली. सहाव्यात, कपाशीच्या डवरनीपाशी, एक 'डवस' रायला हाय.

अडाणकाठ :
सापडला. ३२ वा. बाबांनी स्वतः बदलला.